सातवी ते दहावीच्या मुलांना फंक्शनल प्रोग्रॅमिंग कसं शिकवावं

गणिताच्या तासाला मुलं शिकलेली असतात की क्ष = क्ष + १ हे कधीच खरं होऊ शकत नाही; दोन्ही बाजूंतून क्ष वजा केला की ० = १ उरतं. मग घंटा होते, मुलं संगणक कक्षात जातात आणि पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच फळ्यावर तेच वाक्य येतं: क्ष = क्ष + १. इथे ते चूक नसतं, उलट सगळं लूप (त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणं) त्यावरच चालतं. एखाददुसरं मूल हात वर करतं. बाकीची मुलं काही न बोलता डोक्यात दोन क्ष ठेवतात, एक गणिताच्या वहीतला आणि एक संगणकाचा. ज्या वयात बीजगणितातला चल नुकताच अंगवळणी पडत असतो, त्याच वयात आपण त्याच्या शेजारी अगदी तसाच दिसणारा पण वेगळा वागणारा दुसरा चल आणून बसवतो.

फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये हे भांडण मुळात होत नाही. तिथे नावाला एकदा किंमत दिली की ती बदलत नाही, फंक्शनला तेच इनपुट दिलं की तेच आउटपुट येतं, आणि प्रोग्रॅम चालणं म्हणजे पदावली सोपी करत जाणं. म्हणजे सातवी-आठवीचं बीजगणितच, फक्त उत्तर संगणक काढतो. म्हणून हा विषय शाळेत न्यायचा असेल तर तो गणिताच्या पुस्तकाला चिकटून न्यावा. ‘नवी भाषा’ म्हणून शिकवायला गेलात तर तो आणखी एक जास्तीचा विषय होईल.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत राइस विद्यापीठातल्या मथायस फेलायझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये शाळांसाठी ‘टीचस्कीम’ प्रकल्प सुरू केला. त्यातूनच पुढे रॅकेट या भाषेसाठीचं डॉक्टर रॅकेट हे सॉफ्टवेअर आणि ‘हाऊ टू डिझाइन प्रोग्रॅम्स’ हे पाठ्यपुस्तक आलं. ते इंटरनेटवर मोफत वाचता येतं. इमॅन्युएल शँझर या गणिताच्या शिक्षकाने त्याच विचारावर ‘बूटस्ट्रॅप’ हा अभ्यासक्रम उभा केला. त्यात मुलं एक छोटा व्हिडिओ गेम बनवतात, पण प्रत्येक पायरी बीजगणिताची असते. बूटस्ट्रॅप शिकलेल्या मुलांची बीजगणितातली शाब्दिक उदाहरणं सोडवण्याची तयारी सुधारल्याचं २०१५ च्या अभ्यासात दिसलं. मात्र ‘कोडिंग केलं की गणित आपोआप सुधारतं’ असा अर्थ त्यातून काढू नये. लोगो या भाषेबद्दल ऐंशीच्या दशकात अशाच मोठ्या आशा होत्या. रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४ मध्ये तपासून पाहिलं, तेव्हा लोगो शिकलेल्या मुलांची नियोजनाची क्षमता इतरांपेक्षा वाढल्याचं काही आढळलं नाही. एका विषयातलं दुसऱ्यात जायला पूल मुद्दाम बांधावा लागतो: तेच शब्द, तीच मांडणी, तीच वही.

साधन कोणतं घ्यायचं

यावर शिक्षक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. संगणक कक्षात इंटरनेटचा भरवसा नसेल तर डॉक्टर रॅकेट घ्या. ते एकदा पेन ड्राइव्हवरून टाकलं की नेट लागत नाही. त्यात ‘बिगिनिंग स्टुडंट’ नावाची भाषेची पातळी आहे, ती निवडायची. या पातळीत किंमत बदलायची सोयच ठेवलेली नाही आणि चुकांचे संदेश नवख्यांना कळतील अशा बेताने लिहिलेले आहेत. नेट बरं असेल तर पायरेट ही भाषा घ्या. ती ब्राउझरमध्ये चालते आणि तिचं लिखाण गणिताच्या वहीसारखं दिसतं. बूटस्ट्रॅपचे धडेही तिच्यात आहेत. पाचवी-सहावीची मुलं असतील, टायपिंगचा हात बसलेला नसेल, तर बर्कलीत तयार झालेलं स्नॅप वापरा. ते स्क्रॅचसारखंच ठोकळ्यांचं आहे, पण त्यात फंक्शन हीच वस्तू म्हणून दुसऱ्या फंक्शनला देता येते. चौथा पर्याय कोडवर्ल्ड. ती हॅस्केल या फंक्शनल भाषेची शाळकरी आवृत्ती आहे आणि तिच्या चित्राचा आरंभबिंदू मधोमध असतो, थेट आलेख कागदासारखा. निर्देशक भूमिती शिकवणाऱ्या नववीच्या शिक्षकांना ती आवडेल. पूर्ण हॅस्केल मात्र या वयात नको. टाइपच्या, म्हणजे किमतीच्या प्रकाराच्या, चुकांचे संदेश वाचतानाच तास संपतो.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक गोष्ट आधीच करून ठेवावी. सुरुवातीला लागणारे इंग्रजी शब्द जेमतेम पंधरा-वीस असतात. ते मोठ्या अक्षरांत, शेजारी मराठी अर्थासह, भिंतीवर लावा. रॅकेटमध्ये फंक्शनचं आणि चलाचं नाव देवनागरीतही देता येतं, म्हणजे ‘भाडे’ नावाचं फंक्शन खरोखर ‘भाडे’ म्हणूनच चालतं. फक्त अंक इंग्रजीच टाइप करायचे. देवनागरी २ लिहिला तर रॅकेट त्याला संख्या मानत नाही, एखादं नाव समजतं आणि ‘असं काही ठरवलेलं नाही’ अशी तक्रार करतं. मूल मात्र पडद्याकडे बघत राहतं, कारण त्याच्या मते २ म्हणजे २. (या लेखात सगळंच देवनागरीत लिहिलं आहे, पडद्यावर मूळ आज्ञा आणि अंक इंग्रजीत येतील.)

पहिले दोन-तीन तास संगणक बंद

एक मूल पुढे येतं आणि यंत्र होतं. त्याच्या हातात चिठ्ठी असते, तिच्यावर नियम असतो: ‘दुप्पट कर आणि १ मिळव’. वर्ग संख्या देतो, यंत्र उत्तर देतं, फळ्यावर तक्ता भरत जातो. ३ दिले, ७ आले. १० दिले, २१ आले. ज्याला नियम सापडला असं वाटतं त्याने लगेच नियम सांगायचा नाही; आधी ‘१०० दिले तर किती येतील’ ते सांगायचं. ही अट महत्त्वाची आहे. पुढे प्रोग्रॅमची चाचणी लिहायची सवय नेमकी इथे लागते.

दुसऱ्या फेरीत यंत्राच्या चिठ्ठीवर खट्याळ नियम द्या: ‘आतापर्यंत कितव्यांदा विचारलं तो आकडा सांग’. ५ दिले, १ आला. परत ५ दिले, २ आला. वर्गात गोंधळ होतो, ‘सर, हा फसवतोय’ म्हणून. तो फसवत नाही, त्याला मागचं आठवतं. मग ठरवा: आपली यंत्रं मागचं काही आठवणार नाहीत. तेच दिलं की तेच येईल. हुशार मुलं लगेच विचारतील की मोबाइलमधलं घड्याळ मग कोणतं यंत्र, आणि लुडोचा फासा? त्यांना सांगा की ती या नियमात बसत नाहीत, आणि ती कुठे बसवायची हे पुढे खेळ बनवताना पाहू. उत्तर टाळण्यासाठी हे सांगायचं नाही. फंक्शनल भाषा घडवणाऱ्यांनाही या प्रश्नाने बरीच वर्षं छळलं आहे.

तिसऱ्या फेरीत दोन यंत्रं शेजारी उभी करा. पहिल्याचं आउटपुट दुसऱ्याचं इनपुट. ‘दुप्पट’ आधी आणि ‘३ मिळव’ नंतर, की उलट? ५ दिले तर एकदा १३ येतात, एकदा १६. क्रम बदलला की उत्तर बदलतं हे मुलांनी स्वतःच्या अंगाने करून पाहिलं, की संयुक्त फंक्शनवर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

पदावलीची वर्तुळं

बूटस्ट्रॅपमधली ही सर्वांत साधी आणि सर्वांत उपयोगी युक्ती. (४ + ५) × (९ − ३) ही पदावली घ्या. एक मोठं वर्तुळ काढा, त्याच्या माथ्यावर × लिहा. आत दोन लहान वर्तुळं. डावीकडच्याच्या माथ्यावर +, पोटात ४ आणि ५. उजवीकडच्याच्या माथ्यावर −, पोटात ९ आणि ३. आतल्या वर्तुळापासून उत्तर काढत बाहेर यायचं: ९, ६, मग ५४.

कंचेभागुबेव पाठ असूनही ज्या मुलाची पदावली चुकते, त्याला वर्तुळात कुठे अडतं ते दिसतं. आणि रॅकेटमध्ये टाइप करायचं म्हणजे वर्तुळाभोवती बोट फिरवायचं: वर्तुळात शिरलात की कंस उघडा, माथ्यावरचं चिन्ह लिहा, पोटातलं डावीकडून उजवीकडे लिहा, बाहेर पडलात की कंस बंद करा. (× (+ ४ ५) (− ९ ३)), गुणाकाराच्या जागी कीबोर्डवरची चांदणी. एरवी रॅकेटच्या कंसांना मोठी माणसंही नावं ठेवतात, पण वर्तुळं काढलेल्या मुलांना ते कंस खुपत नाहीत. पायरेट वापरत असाल तर तिथे वेगळी गंमत आहे. वेगवेगळी चिन्हं कंसाशिवाय मिसळलेली ती चालवूनच घेत नाही. ३ + ४ × ५ लिहिलं की आधी कंस टाका म्हणते. शिवाय चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडावी लागते.

डॉक्टर रॅकेटमध्ये ‘स्टेप’ नावाचं बटण आहे. ते दाबलं की पदावली एकेक पायरीने सोपी होत जाते, अगदी वहीत उतरती मांडणी करतो तशी. ते फळ्यावर प्रोजेक्टरने दाखवा आणि पुढची पायरी वर्गाला आधी सांगायला लावा.

संख्यांनंतर चित्रं

इथवर मुलांना हे कॅल्क्युलेटरचंच काम वाटत असतं. आता त्यांना सांगा की फंक्शन चित्रही देऊ शकतं. ‘वर्तुळ’ या फंक्शनला त्रिज्या, भरीव की पोकळ, आणि रंग दिला की चित्र येतं. ‘फिरव’ला कोन आणि चित्र दिलं की फिरलेलं चित्र येतं. चित्र ही संख्येसारखीच एक किंमत आहे, ती दुसऱ्या फंक्शनला देता येते, हे लक्षात आलं की मुलं थांबत नाहीत.

याच वेळी प्रत्येकाच्या वहीत शेवटच्या पानावर करारांचा तक्ता सुरू करा. तीन रकाने: फंक्शनचं नाव, ते काय काय घेतं, काय देतं. ‘फिरव’ घेतं संख्या आणि चित्र, देतं चित्र. हा तक्ता भरण्याचा कंटाळा येतो, पण चुका शोधताना तोच कामाला येतो. ‘फिरव’ला चित्र आधी आणि कोन नंतर दिला म्हणून संदेश आला, तर मुलाला उत्तर सांगू नका, ‘तक्ता काढ’ एवढंच म्हणा.

मोठा सराव म्हणून तिरंगा घ्या. रुंदी आणि उंचीचं प्रमाण ३ : २ असतं, पट्ट्या तीन समान. ४५० रुंद झेंड्याची उंची ३०० आणि प्रत्येक पट्टी १०० उंच. पायरेटमध्ये ‘वर’ हे फंक्शन एका वेळी दोनच चित्रं घेतं, त्यामुळे तीन पट्ट्यांसाठी ‘वर’च्या आत ‘वर’ लिहावं लागतं. वर्तुळं पुन्हा कामाला येतात. (पांढरी पट्टी एकटी असताना पांढऱ्या पडद्यावर दिसत नाही. ‘बाई, चालतच नाही’ अशा हाका येतील.) अशोकचक्राला २४ आरे. केंद्रातून जाणारी एक बारीक पट्टी दोन आरे देते, म्हणून १२ पट्ट्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा १५ अंशांनी फिरवलेली, एकावर एक. मुलं हे कॉपी-पेस्ट करून बारा ओळींत करतील. करू द्या. त्या बारा ओळींचा कंटाळा पुढे यादीच्या धड्यात हवा आहे.

उदाहरणं आधी, सूत्र नंतर

सगळ्या अभ्यासक्रमात वेळ द्यायचा तो इथे. एखादा आठवडा जास्त गेला तरी चालेल.

आता सांगा की झेंडा कोणत्याही रुंदीचा काढता आला पाहिजे. रुंदी दिली की पट्टीची उंची देणारं फंक्शन हवं. मुलं लगेच कीबोर्डकडे धावतात. धावू देऊ नका. आधी वहीत करार: पट्टी-उंची घेतं संख्या, देतं संख्या. मग एका वाक्यात हेतू: ‘झेंड्याची रुंदी घेऊन एका पट्टीची उंची काढणं’. मग किमान दोन उदाहरणं, आणि ती उत्तरासह नव्हे, रीतीसह लिहायची:

पट्टी-उंची(४५०) म्हणजे ४५० × २ ÷ ९
पट्टी-उंची(९००) म्हणजे ९०० × २ ÷ ९

मुलं ‘म्हणजे १००’ आणि ‘म्हणजे २००’ लिहून मोकळी होतात. तेवढं पुरत नाही. १०० कसे आले ते दिसलं पाहिजे. २ ÷ ९ कुठून आलं हेही त्यांनाच शोधू द्या: उंची रुंदीच्या दोन तृतीयांश, पट्टी उंचीच्या एक तृतीयांश.

आता पेन्सिल घ्या. दोन्ही ओळी एकाखाली एक आहेत. जिथे जिथे दोन ओळींत फरक आहे तिथे गोल करा. ४५० आणि ९०० भोवती गोल पडतो, बाकी सगळं तसंच. जे बदलतं त्याला नाव द्या: रुंदी. आता तीच ओळ तिसऱ्यांदा लिहा, गोलाच्या जागी नाव घालून:

पट्टी-उंची(रुंदी) = रुंदी × २ ÷ ९

फंक्शन तयार झालं, आणि ते मुलाने अंदाजाने लिहिलेलं नाही. चल म्हणजे काय हे कित्येक मुलांना दहावीपर्यंत कळत नाही, कारण पुस्तकात क्ष आधी येतो आणि संख्या नंतर. इथे संख्या आधी येतात आणि क्ष त्यांच्यातून निघतो. गणिताच्या शिक्षकांना हीच पेन्सिलची पद्धत त्यांच्या शाब्दिक उदाहरणांना वापरायला सांगा. पूल बांधायचा म्हणजे हेच करायचं.

दोन्ही उदाहरणं प्रोग्रॅममध्येही टाइप करायची. रॅकेट आणि पायरेट दोन्हींत उदाहरणं तपासायची सोय आहे. फंक्शनचं उत्तर उदाहरणाशी जुळलं नाही तर कुठलं जुळलं नाही ते भाषाच दाखवते, तुम्हाला प्रत्येक संगणकाजवळ जावं लागत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात हे फार मोलाचं आहे.

नंतर जरा अवघड गणित द्या. समजा रिक्षाचं भाडं पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला २० रुपये. अंतर दिलं की भाडं सांगणारं फंक्शन लिहा. इथे दोन उदाहरणांवर भागत नाही, आणि ते मुलांना स्वतःला कळलं पाहिजे. १ किलोमीटरला ३०. साडेतीन किलोमीटरला ३० + २० × (३.५ − १.५), म्हणजे ७०. या दोन ओळी एकाखाली एक ठेवून गोल करायला गेलं तर रीतच वेगळी निघते. म्हणजे फंक्शनला दोन फांद्या आहेत. आणि नेमक्या दीड किलोमीटरला? ते उदाहरण हवंच. ‘पेक्षा कमी’ की ‘पेक्षा कमी किंवा समान’ यावर वर्गात वाद होऊ द्या. या भाड्यात दोन्हींनी ३०च येतात हे कुणाच्या तरी लक्षात येईल. मग पहिल्या टप्प्याचे ३० ऐवजी २५ करा आणि पुढच्या फांदीतले ३० तसेच ठेवा, आणि वाद पुन्हा घाला. डॉक्टर रॅकेटची आणखी एक सोय इथे दाखवण्यासारखी आहे: कोडच्या ज्या भागाला एकाही उदाहरणाने हात लावला नाही, तो भाग ते वेगळ्या रंगात दाखवतं. लांबच्या अंतराचं उदाहरण विसरलेल्या मुलाला दुसरी फांदी रंगलेली दिसते.

याद्या: मॅप, फिल्टर आणि मग फोल्ड

वर्गाच्या चाचणीचे गुण घ्या, खरे नकोत, बनवलेले. ८० पैकी गुणांची यादी. प्रत्येकाचे टक्के काढायचे तर एका मुलाचे टक्के काढणारं फंक्शन आधीच लिहिता येतं. मॅपला ते फंक्शन आणि यादी द्यायची, टक्क्यांची यादी परत येते. ३५ टक्क्यांच्या वरचे निवडायचे तर हो-नाही उत्तर देणारं फंक्शन फिल्टरला द्यायचं. लूप लिहावा लागत नाही, मोजणारा चल लागत नाही.

इथे हमखास होणारी चूक: मॅपला ‘टक्के’ हे फंक्शन द्यायचं असतं, मुलं ‘टक्के(६०)’ लिहितात. पहिलं म्हणजे यंत्र, दुसरं म्हणजे यंत्रातून आलेली संख्या. करारांचा तक्ता काढा: मॅपला हवं फंक्शन, तू दिलीस संख्या. स्नॅपमध्ये ही अडचण कमी येते, कारण फंक्शन द्यायची जागा करड्या कड्याची असते आणि ठोकळा त्या कड्यात बसवायचा असतो.

ज्या शाळेत संगणक दोन-तीनच आहेत, तिथे गूगल शीट्स वापरा. २०२२ पासून त्यात लॅम्डा (बिननावाचं फंक्शन), मॅप आणि रिड्यूस (म्हणजे फोल्ड) ही सूत्रं आहेत. फिल्टर तर त्याआधीपासून आहे. तसं पाहिलं तर साधी स्प्रेडशीटही फंक्शनलच असते. चौकटीतलं सूत्र दुसऱ्या चौकटीची किंमत बदलू शकत नाही, फक्त स्वतःची काढतं. घरी दुकानाचा हिशेब शीटवर ठेवणाऱ्या पालकांना हे पटकन कळतं.

फोल्ड, म्हणजे यादी गुंडाळून एकच उत्तर काढणं, नववीच्या आत घाईने शिकवू नका. शिकवाल तेव्हा एका प्रश्नावर थांबा: यादी रिकामी असेल तर उत्तर काय? बेरजेचं ० असं सगळे सांगतात. गुणाकाराचं? अर्धा वर्ग ० म्हणेल. ते ठेवून चालवून पाहू द्या, कोणत्याही यादीचं उत्तर ० येईल. मग १ का, हे त्यांनाच सापडतं. सर्वांत मोठी संख्या काढायची तर रिकाम्या यादीचं उत्तर काय, यावर चांगलं उत्तरच नाही, आणि तेही सांगावं. मग त्या बारा ओळींच्या अशोकचक्राकडे परत जा. ० ते ११ ची यादी, मॅपने प्रत्येकाला १५ ने गुणून तेवढी फिरवलेली पट्टी, आणि फोल्डने सगळ्या एकावर एक. सुरुवातीची किंमत रिकामं चित्र. २४ आऱ्यांऐवजी ३६ हवे असतील तर बदल कुठे कुठे करायचा, हा गृहपाठ.

हलणारं चित्र

मुलं याचीच वाट बघत असतात. रॅकेटमध्ये ‘बिग-बँग’ आणि पायरेटमध्ये ‘रिॲक्टर’ नावाची सोय आहे. तिला तुम्ही फंक्शन्स द्यायची: आत्ताची स्थिती घेऊन चित्र देणारं एक, आत्ताची स्थिती घेऊन पुढची स्थिती देणारं दुसरं, कळ दाबल्यावर काय होतं ते तिसरं. घड्याळाचा ठोका, म्हणजे रॅकेटमध्ये एरवी सेकंदाला २८ वेळा, ती सोयच मोजते. यंत्रांच्या दुसऱ्या फेरीतलं घड्याळाचं यंत्र इथे बसतं: ठोका पडणं बाहेर, तुमचं फंक्शन आत आणि शुद्ध, म्हणजे मागचं काही न आठवणारं.

पहिला प्रोग्रॅम एकाच संख्येचा ठेवा. बैलगाडी डावीकडून उजवीकडे जाते, पुढची-जागा(क्ष) = क्ष + ५. आणि इथे एखादी मुलगी हमखास विचारेल, ‘म्हणजे शेवटी क्ष बदललाच ना?’ तिच्या प्रश्नाला घाई करू नका. फळ्यावर लिहा: ०, ५, १०, १५. ५ हा ५च राहिला, त्याच्यापासून १० हा नवा आकडा मिळाला. ती गणित श्रेढी आहे हे दहावीच्या मुलांना लगेच ओळखू येईल.

नंतर खेळ. दोन वस्तू धडकल्या का, हे ठरवायला त्यांच्यातलं अंतर हवं, आणि अंतराला पायथागोरस. क्ष निर्देशकांमधला फरक ऋण आला तर काय करायचं यावर मुलं अडतात. वर्ग केला की चिन्ह जातं, हे त्यांना खेळ बिघडल्यावरच खरं वाटतं. इथे एक ताकीद: रॅकेटच्या नेहमीच्या चित्रांत आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो, य खाली वाढतो. पायरेटमध्ये चित्रावर चित्र ठेवताना तो खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो, वहीतल्यासारखा. दोन्ही भाषा एकाच वर्गात वापरू नका.

पुनरावर्तन कधी आणि कसं

क्रमगुणित आणि फिबोनाचीने सुरुवात करायची जुनी पद्धत आहे. माझ्या मते ती शाळेसाठी वाईट. क्रमगुणित मुलांना तेव्हा माहीतच नसतं, आणि त्याचं उत्तर म्हणजे एक मोठा आकडा, त्यात बघण्यासारखं काही नाही. त्रिकोणातले त्रिकोण घ्या. पातळी ० चा सिअरपिन्स्की त्रिकोण म्हणजे साधा समभुज त्रिकोण. पुढच्या पातळीचा म्हणजे मागच्या पातळीचे तीन: एक वर, दोन शेजारी-शेजारी खाली. करार, उदाहरणं, गोल, नाव, सगळं नेहमीसारखंच. फक्त उदाहरणाच्या ओळीत त्याच फंक्शनचं नाव पुन्हा येतं.

मुलं तीनदा तेच फंक्शन बोलावतात आणि पातळी १० टाकतात. मग यंत्र रांगतं. हिशेब करायला लावा: १ + ३ + ९ + …, दहाव्या पातळीपर्यंत ८८,५७३ वेळा फंक्शन चालतं. आता मागच्या पातळीचा त्रिकोण एकदाच काढून त्याला नाव द्या आणि ते नाव तीनदा वापरा. फंक्शन आता फक्त ११ वेळा चालतं. (रॅकेटमध्ये यासाठी एका फंक्शनच्या आत नाव द्यायची मुभा देणारी, ‘इंटरमीजिएट’ ही पुढची पातळी निवडावी लागते.) उत्तर तेच का आलं? कारण तेच दिलं की तेच येतं. मागचं आठवणारं ते खट्याळ यंत्र इथे असतं तर तीनदा बोलावणं आणि एकदा बोलावून तीनदा वापरणं वेगळं ठरलं असतं.

वर्गातली व्यवस्था आणि परीक्षा

एका संगणकावर दोन मुलं, आणि हे अडचण म्हणून नव्हे, पद्धत म्हणून. एकाच्या हातात कीबोर्ड, दुसऱ्याच्या हातात वही. वहीवाला सांगेल तेच कीबोर्डवाला टाइप करेल. दहा-बारा मिनिटांनी अदलाबदल. वहीत करार आणि दोन उदाहरणं नसतील तर कीबोर्डला हात नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. तास ३५ मिनिटांचा असेल तर एक तास वहीचा, दुसरा संगणकाचा असं आलटून पालटून ठेवा. दोन्ही एका तासात बसवायला गेलं की संगणक चालू होऊन बंद होण्यातच वेळ जातो.

परीक्षेत ‘फंक्शनल प्रोग्रॅमिंगची व्याख्या लिहा’ हा प्रश्न विचारू नये. इनपुट-आउटपुटचा तक्ता द्या आणि फंक्शन लिहायला सांगा. किंवा त्याहून चांगलं, एक चुकीचं फंक्शन द्या आणि ती चूक पकडणारं एक उदाहरण लिहायला सांगा. रिक्षाभाड्याचं असं फंक्शन द्या ज्यात पहिल्या टप्प्याचं अंतर वजा करायचं राहिलं आहे. १ किलोमीटरचं उदाहरण लिहिणाऱ्याला गुण नाहीत, कारण तिथे उत्तर बरोबरच येतं.

पायथनकडे जाताना

पालक विचारणारच: हे सगळं ठीक, पण पुढे तर पायथनच आहे ना? आहे. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत तीच भाषा असते. म्हणून दहावीच्या शेवटी काही तास पायथनला द्या, पण सवयी त्याच ठेवा. फंक्शनमध्ये प्रिंट (उत्तर पडद्यावर दाखव) लिहायचं नाही, रिटर्न (उत्तर परत दे) लिहायचं. पायथनमध्ये नवखी मुलं सर्वांत जास्त या दोघांत गोंधळतात, आणि तुमच्या मुलांना फंक्शन काहीतरी ‘देतं’ याची सवय झालेली आहे. उदाहरणं असर्टने, म्हणजे ‘हे खरं आहे का ते तपास’ या आज्ञेने, लिहा. मॅप आणि फिल्टर आहेतच, शिवाय एका ओळीत यादी बांधायची पायथनची स्वतःची पद्धत दाखवा.

आणि पहिल्या तासाला ०.१ + ०.२ टाइप करायला लावा. पायरेट आणि रॅकेटची विद्यार्थी भाषा याचं उत्तर ०.३ देतात, कारण त्या दशांश संख्या आतून अपूर्णांक म्हणूनच ठेवतात. पायथन ०.३०००००००००००००००४ दाखवेल. का, ते लगेच सांगू नका. १/३ दशांशात लिहायला सांगा, मग १/१० द्विमान पद्धतीत लिहायला सांगा.